दहा पोप, अकरा निजामशहा

रोममध्ये ६६ वर्षांत १० पोप झाले आणि अहमदनगरात ५० वर्षांत ११ निजामशहा.

पहिला आकडा १५८६ ते १६५२ या काळाचा, म्हणजे पिएत्रो देला वाले या रोमन उमरावाच्या आयुष्याचा. दुसरा आकडा त्याच्या जन्मसालापासून १६३६ मध्ये निजामशाही बुडाली तोवरचा. अकरांत तोतया ठरवून हाकललेला अहमदही धरला आहे. तो वगळला तर हिशेब १० वर येतो. हे दोन आकडे शेजारी मांडायचे कारण, पोपच्या दरबाराशी पिढीजात संबंध असलेल्या या पिएत्रोने निजामशाहीच्या गादीमागे कोण उभे आहे, हे १६२३ मध्ये लिहून ठेवले आहे.

सरासरी काढली तर पोपच्या वाट्याला साडेसहा वर्षे येतात, निजामशहाच्या वाट्याला साडेचार. सरासरी फसवी असते ती अशी: सातवा उर्बन १५९० मध्ये १३ दिवस टिकला, अकरावा लिओ १६०५ मध्ये २७ दिवस. रोममध्ये कार्डिनल मंडळी मतदान करून पोप निवडत आणि निवड बहुधा उतारवयातल्या माणसावर पडे. खुर्ची लवकर रिकामी व्हायची, पण ती माणसे आजारपणाने, वार्धक्याने जायची.

अहमदनगरची यादी मात्र वाचवत नाही. ११ पैकी ४ मारले गेले. पहिल्या मुर्तजाचा जीव तर त्याच्या मुलानेच घेतला, १५८८ मध्ये, आणि त्या मुलाला, मीरान हुसेनला, पुढच्याच वर्षी दरबाऱ्यांनी संपवले. १ रणात पडला, तो इब्राहीम, १५९५ मध्ये विजापूरकरांशी लढताना. २ पदच्युत झाले. त्यातल्या इस्माईलला उठवून गादीवर बसणारा त्याचा जन्मदाता बापच होता. ३ मोगलांच्या कैदेत गेले. राहिला १, दुसरा बुऱ्हाण. गादीवर असताना आपल्या मरणाने मेलेला तेवढाच.

आता पिएत्रोचे घराणे. देला वाले हे रोमचे जुने उमराव. सान्त आन्द्रेआ देला वाले या रोममधल्या प्रसिद्ध चर्चच्या नावात ते आजही आहेत. या घराण्यातला आन्द्रेआ १५१७ मध्ये कार्डिनल झाला, पण त्या टोपीची किंमत जरा बेतानेच करावी. पोप दहाव्या लिओने त्या जुलैत एका झटक्यात ३१ कार्डिनल नेमले होते. त्याला विष घालण्याचा कट त्याच वर्षी उघड झाला होता; त्याला आपली माणसे हवी होती आणि पैसाही. आन्द्रेआ १५३४ मध्ये गेला, पिएत्रो जन्मला त्यानंतर ५२ वर्षांनी. म्हणजे पिएत्रोच्या वाट्याला आली ती घराण्याची पुण्याई.

तो १६१४ मध्ये व्हेनिसहून निघाला आणि १६२६ मध्ये रोमला परतला. या १२ वर्षांत पोप ३ झाले. पाचव्या पॉलच्या राज्यात निघालेला माणूस गोव्यात होता तेव्हा, ६ ऑगस्ट १६२३ रोजी, तिकडे बार्बेरिनी घराण्यातला आठवा उर्बन निवडून आला. त्या १२ वर्षांत निजामशहा मात्र एकच होता, तिसरा बुऱ्हाण. आकडे असे उलटे फिरले त्याचे कारण निजामशाहीचा हबशी कारभारी मलिक अंबर.

पिएत्रो ८ एप्रिल १६२३ रोजी गोव्यात उतरला. त्याआधी त्याचे जहाज कोकण किनाऱ्याने चौलवरून आले. खालचे चौल, म्हणजे रेवदंडा, पोर्तुगीजांचे आणि वरचे चौल निजामशहाचे. अहमदनगर तिथून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर. तो घाट चढून वर गेला नाही. त्याच्या सामानात एक पेटी होती आणि तीत पत्नी मानीचे कापूर भरून जतन केलेले कलेवर. ती १६२१ च्या अखेरीस इराणात वारली होती. ही पेटी त्याने हिंदुस्थानमार्गे नेली आणि रोमला तिचे दफन केले.

गोव्याहून मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की निजामशहा १२ वर्षांचा पोर आहे, कारभार मलिक अंबर नावाचा हबशी गुलाम पाहतो आणि मुलखाला लोक निजामशहाचा न म्हणता अंबरचाच म्हणतात. अंबरने राजाला कोंडून ठेवल्याचे त्याने ऐकले होते. जवळून माहिती असलेल्यांकडून विचारपूस केल्यावर ते खोटे ठरले, कारभारी इमानी आहे, असाही निर्वाळा तो देतो. अंबरने आपली मुलगी राजाला दिल्याचेही नोंदवतो.

यातला १२ चा आकडा टिकत नाही. बुऱ्हाण गादीवर आला १६१० मध्ये. १६२३ मध्ये तो १२ वर्षांचा असेल, तर जन्मायच्या आधीच राजा झाला म्हणायचे. मुलीचे लग्नही अंबरने लावले होते ते बुऱ्हाणच्या बापाशी, दुसऱ्या मुर्तजाशी. पत्रात बापलेकांची गल्लत झालेली दिसते. आणि त्या जावयाला १६१० मध्ये विष घालून काटा काढला तो अंबरनेच, असे इतिहासकार सांगतात. इमानाचा दाखला देताना पिएत्रोला हे ठाऊक नसावे. इमारती टिकाव्यात म्हणून अंबर गुलामांच्या पोरांचे बळी देतो, हेही त्याने त्याच पत्रात लिहिले आहे. एका ठिकाणी पारखून घेणारा माणूस दुसऱ्या ठिकाणी बाजारगप्पा जशाच्या तशा उतरवतो.

तरी मूळ मुद्दा त्याने अचूक हेरला होता, असे माझे मत. सगळी सत्ता हातात असून गादीवर न बसणारा माणूस त्याला चमत्कारिक वाटला नाही. वाटेल कसा? रोममध्ये गादी वारशाने मिळत नसे, म्हणून घराणी तिच्या शेजारी जागा धरत. आठव्या उर्बनने एक भाऊ आणि दोन पुतणे कार्डिनल केले. खुद्द पिएत्रोला परतल्यावर पोपच्या खासगीत मानाची जागा मिळाली. नगरकडे गादी रक्ताने मिळे, त्यामुळे बाहेरच्या माणसाला तिच्याजवळ जायची वाट एकच: मुलगी द्यायची आणि मुखत्यारी घ्यायची. अंबरने १६०० ते १६२६ अशी २६ वर्षे ती चालवली. एवढा काळ या ५० वर्षांत एकाही निजामशहाला मिळाला नाही.

गंमत अशी, की पिएत्रो लिहीत होता तेव्हा निजामशहाकडे अहमदनगरच नव्हते. किल्ला १६०० मध्ये मोगलांनी घेतला, १६१० च्या सुमारास अंबरने परत मिळवला आणि १६१७ च्या तहात पुन्हा सोडला. १६२४ मध्ये शहराजवळच्या भातवडीला अंबरने मोगल आणि विजापूर यांच्या जोड फौजेला धूळ चारली. तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या वाटेत चिखल केला. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी त्या लढाईत पडले. एवढे होऊनही नगरचा किल्ला हाती आला नाही.

अंबर मे १६२६ मध्ये वारला. त्याच्या जागी मुलगा फतहखान आला आणि १६३१ मध्ये त्याने बुऱ्हाणला ठार केले. बापाच्या इमानाचा दाखला मुलाला लागू नव्हता. १६३३ मध्ये मोगलांनी दौलताबाद घेऊन बुऱ्हाणनंतर गादीवर आलेल्या तिसऱ्या हुसेनला ग्वाल्हेरला धाडले, तेव्हा शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर अकरावा निजामशहा बसवला. तोही पोरच होता. कारभार अर्थात शहाजीराजांकडे, आणि तो ३ वर्षे चालला.