घरगुती दारूकाम : जुगाड कुठे थांबतो?

तासगाव तालुक्यातल्या कवठे एकंदला विजयादशमीच्या रात्री सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढे गावकऱ्यांनीच बनवलेलं दारूकाम उडतं. या कामात हाताला येईल ते सामान का चालत नाही?

• नळी : साध्या, पातळ कागदाची फाटून जाते, लोखंडी पाइप फुटला तर तुकडे गोळीसारखे घुसतात.

• वात : घरगुती वातीच्या जळण्याचा वेग भरवशाचा नसतो. विझल्यासारखी वाटली, तरी जवळ जाऊ नये.

• मिश्रण : क्लोरेट आणि गंधक एकत्र आल्यास नुसत्या घर्षणानेही पेट घेतात. भारतात १९९२पासून अशा मिश्रणावर बंदी आहे.

• परवाना : १८८४चा स्फोटक कायदा आणि २००८चे नियम लागू. विनापरवाना फटाके बनवणं गुन्हा.

• धडा : मे २०१५मध्ये कवठे एकंदच्याच फटाका कारखान्यातल्या स्फोटात कामगार दगावले.