किल्ली माणसाची की कामाची?

शाळेच्या प्रयोगशाळेत नकाशे, चुंबक, भिंगे यांचे कपाट बहुधा उघडेच असते. आम्लांच्या कपाटाला मात्र कुलूप असते आणि त्याची किल्ली प्रयोगशाळा सहायकांकडे असते. ते निवृत्त झाले किंवा त्यांची बदली झाली, की किल्ली खिळ्यावर लटकते आणि त्यांच्या जागी येणारे सहायक ती उचलतात. म्हणजे ही किल्ली माणसाची नाही, ती कामाची आहे. आपल्याला सहज पटणारी ही गोष्ट संगणकातील माहितीला नीट लागू करायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे विचार करावा लागला. ते का, हे आज पाहू.

एकच कपाट, अनेक खण

पूर्वी हजेरीपट वर्गशिक्षकांच्या टेबलावर, फीची वही कार्यालयात आणि निकालपत्रके मुख्याध्यापकांच्या कपाटात असत. निरनिराळ्या वह्या निरनिराळ्या खोल्यांत असल्यामुळे राखण आपोआपच होई. आता ही सगळी माहिती पुष्कळ ठिकाणी संगणकावरील एकाच माहितीसाठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये ठेवतात. त्यात अनेक तक्ते असतात. एक गुणांचा, एक हजेरीचा, एक आरोग्याचा, असे.

आरोग्याचा तक्ताच घ्या. एखाद्या मुलीला फेफरे येते, एखाद्या मुलाला विशिष्ट औषध चालत नाही, अशा नोंदी त्यात असतात. ही माहिती वर्गशिक्षकांना नसेल, तर ऐन वेळी मुलाच्या जिवावर बेतेल. उलट ती सगळ्यांना दिसू लागली, तर त्या मुलाला शाळेत मान वर करून वावरणे कठीण होईल. म्हणून सगळे बंद करून भागत नाही आणि सगळे उघडे ठेवूनही चालत नाही. योग्य माणसाला योग्य तेवढेच दिसावे, हा खरा प्रश्न आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. परवलीचा शब्द विचारून संगणक ‘तुम्ही कोण?’ एवढेच ठरवतो. ‘तुम्हाला काय करता येईल?’ हे ठरते परवानगीने. वाचणे, नवी नोंद घालणे, असलेली नोंद बदलणे आणि पुसणे या चार कामांची परवानगी वेगवेगळी देता येते.

गुणाकाराच्या जागी बेरीज

समजा, एका शाळेत ६० कर्मचारी आहेत आणि माहितीसाठ्यात ४० तक्ते आहेत. प्रत्येकाला प्रत्येक तक्त्याबाबत कोणती परवानगी आहे, हे लिहायचे तर ६० × ४० = २४०० चौकटी भराव्या लागतील. एवढ्या चौकटींत चार-दोन चुकल्या, तर त्या कोणाच्या नजरेस पडणार?

आता कर्मचाऱ्यांचे कामानुसार पाच गट करू. वर्गशिक्षक, विषयशिक्षक, कार्यालय, ग्रंथालय आणि मुख्याध्यापक. परवानगी माणसाला न देता गटाला द्यायची. मग ५ × ४० = २०० चौकटी आणि ‘कोण कोणत्या गटात’ हे सांगणाऱ्या ६० ओळी, अशा एकूण २६० नोंदींत काम होते. एखादा माणूस दोन गटांत असेल, तर आणखी एक ओळ वाढेल, इतकेच. नव्या शिक्षिका रुजू झाल्या, तर ४० चौकटी भरण्याऐवजी एक ओळ घालायची. त्या सोडून गेल्या, तर तीच एक ओळ खोडायची. माणसे आणि तक्ते यांचा थेट गुणाकार टळला आणि यादी एका पानावर वाचता येण्याजोगी झाली. चूक शोधायची तर आधी यादी वाचता यायला हवी!

देणे सोपे, काढून घेणे अवघड

तक्त्यांच्या रूपात माहिती ठेवण्याची ही पद्धत एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. ते कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. पुढे त्याच प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ नावाचा प्रायोगिक माहितीसाठा तयार झाला. त्यातील परवानग्यांची व्यवस्था पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. परवानगी देण्याची आज्ञा ‘ग्रँट’ आणि काढून घेण्याची ‘रिव्होक’. माहितीसाठ्यांच्या एसक्यूएल या भाषेत या दोन आज्ञा आजही याच नावांनी वापरतात.

देण्यात काही अडचण नव्हती. अडचण होती काढून घेण्यात. समजा, ‘अ’ने ‘ब’ला दहा वाजता परवानगी दिली आणि ती पुढे देण्याचा अधिकारही दिला. ‘ब’ने अकरा वाजता ‘क’ला तसेच दिले. बारा वाजता ‘क’ने उलट ‘ब’लाच परवानगी दिली. आता ‘अ’ने ‘ब’ची परवानगी काढून घेतली. ‘ब’ म्हणेल, ‘मला क ने दिली आहे.’ ‘क’ म्हणेल, ‘मला ब ने दिली आहे.’ जमिनीत न रोवलेल्या दोन काठ्या एकमेकींना टेकून उभ्या राहाव्यात, तशी ही स्थिती!

यावर तोड निघाली ती वेळेच्या नोंदीतून. ‘ब’ने अकरा वाजता जे दिले, त्याला अकराच्या आधी मिळालेल्या परवानगीचा आधार हवा. तो आधार ‘अ’ने काढून घेतला. बाराला मिळालेली परवानगी अकराच्या देण्याला आधार देऊ शकत नाही. म्हणून ‘क’ची परवानगी जाते आणि तिच्यापाठोपाठ ‘क’ने ‘ब’ला दिलेलीही जाते.

एवढा काटेकोर विचार करूनही एक फट राहिलीच होती. एकाच माणसाने दुसऱ्याला तीच परवानगी निरनिराळ्या वेळी दोनदा दिली, तरी मूळ पद्धतीत तिची नोंद एकच राही. त्यामुळे ज्याला परवानगी असायला हवी, त्यालाच कधी कधी नकार मिळू शके. रोनाल्ड फेगिन यांनी १९७८ साली उदाहरण देऊन हे दाखवले आणि सुधारित पद्धत बिनचूक असल्याची गणिती सिद्धताही दिली.

कामाला, म्हणजे भूमिकेला परवानगी जोडण्याच्या कल्पनेला डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ साली नेमके रूप दिले. १९९९ साली एसक्यूएलच्या प्रमाण नियमांतही भूमिकांचा समावेश झाला.

गट फुगला तर?

गट केले म्हणजे सगळे झाले असे मात्र नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ले झाले. त्यानंतर, सरकारी खाती एकमेकांना माहिती देत नाहीत, अशी तेथे टीका झाली आणि माहितीची दारे रुंद करण्यात आली. पुढे इराकमध्ये काम करणाऱ्या लष्कराच्या एका कनिष्ठ विश्लेषकालाही जगभरच्या अमेरिकन वकिलातींचे संदेश वाचता येत होते. त्यांतील सुमारे अडीच लाख संदेश बाहेर गेले आणि २०१० सालापासून ते प्रसिद्ध होऊ लागले. ते उघड होणे योग्य की अयोग्य, यावर मतभेद आहेत. आपण फक्त व्यवस्थेकडे पाहू. येथे कोणी कुलूप फोडले नव्हते. किल्ली रीतसर दिलेली होती, पण ती कामाच्या मानाने फार मोठी होती.

या धोक्यावरचे सूत्र जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालीच सांगून ठेवले होते. ज्याला जे काम आहे, त्या कामापुरतीच परवानगी त्याला असावी. आणि जे स्पष्टपणे दिलेले नाही, ते नाकारलेले समजावे.

आणखी एक धोका शांतपणे वाढत जातो. दोन गटांत असलेल्या माणसाला सामान्यतः दोन्ही गटांच्या परवानग्या मिळतात. कार्यालयातले लिपिक ग्रंथालयात गेले, त्यांना ग्रंथालयाच्या गटात घातले, पण कार्यालयाच्या गटातून काढलेच नाही, तर फीचा तक्ता त्यांना दिसतच राहील. खिळ्यावरची किल्ली जागेवर नसेल, तर रिकामा खिळा लगेच डोळ्यांत भरतो. संगणकात रिकामा खिळा दिसत नाही. म्हणून ठरावीक दिवसांनी गटांची यादी काढून, ‘हा माणूस अजून या गटात का आहे?’ असे प्रत्येक नावापुढे विचारावे लागते.

करून पाहा

आपल्या शाळेसाठी हा आराखडा कागदावर करा. आडवे तक्ते लिहा, उभे गट लिहा आणि प्रत्येक चौकटीत वाचणे, घालणे, बदलणे, पुसणे यांपैकी काय चालेल ते भरा. विद्यार्थ्यांचाही एक गट धरा. स्वतःचे गुण वाचता यावेत, पण बदलता येऊ नयेत, हे तर उघडच आहे. पण शेजारच्या बाकावरच्या मित्राचे गुण? आणि त्याच्या आजाराची नोंद? वर्गात यावर मते घ्या. तुमच्या आराखड्यातील सर्वांत कठीण चौकट कोणती, ते तेथेच कळेल.