दोन पूल, दोन स्विच: महाडने शिकवलेला धडा

नेटवर्किंगचा व्यवसाय सुरू करायचं डोक्यात आहे? मग आधी महाडची एक रात्र आठवूया.

2 ऑगस्ट 2016. मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. शेजारी दुसरा, नवा पूल शाबूत उभा होता. तरीही दोन एसटी बस नदीत गेल्या, कितीतरी घरं उद्ध्वस्त झाली. अंधारात येणाऱ्या चालकाला पुढचा पूल पडलाय हे कळणार कसं?

म्हणजे पर्याय असणं वेगळं आणि वेळेवर त्या पर्यायाकडे वळणं वेगळं. सर्व्हरच्या कामातही अगदी हेच होतं.

समजा, महाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं बिलिंग दोन सर्व्हरवर आहे. सगळे कॉम्प्युटर एकाच पत्त्यावर जातात. त्याला व्हर्च्युअल आयपी म्हणतात. तिथे बसलेला लोड बॅलन्सर काम दोन्ही सर्व्हरवर वाटतो. साध्या स्विचमध्ये ही सोय नसते, त्यामुळे खरेदीआधी नीट विचारा.

आता चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, हेल्थ चेक. नुसता पिंग पुरत नाही. मशीन पिंगला उत्तर देतं आणि आत बिलिंग अडकलेलं असतं! त्यामुळे सॉफ्टवेअरचा पोर्ट किंवा पेजच तपासायला लावा.

दुसरी, लोड बॅलन्सरही दोन ठेवा आणि व्हीआरआरपी चालू करा. मुख्य यंत्र दर सेकंदाला ‘मी चालू आहे’ असा निरोप देतं. निरोप थांबले की साधारण तीन-चार सेकंदांत दुसरं यंत्र तोच पत्ता घेऊन काम सुरू करतं.

तिसरी, प्रत्येक सर्व्हरची एकेक केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये लावा. दोन स्विच एकमेकांना दोन केबलने जोडताना आरएसटीपी किंवा एलएसीपी सेट करायला विसरू नका. नाहीतर डेटा गोल गोल फिरत राहतो आणि सगळं नेटवर्क ठप्प होतं.

चौथी, जागा. जुलै 2021 च्या महापुरात महाड बुडालं आणि पोलादपूरच्या डोंगरात दरडी कोसळल्या. दोन्ही स्विच तळमजल्यावर, एकाच यूपीएसवर असतील, तर बंदही एकदमच पडणार. इंटरनेटच्या दोन लाइन एकाच रस्त्याने आल्या असतील, तर एकच दरड दोन्ही तोडणार. म्हणून सामान वरच्या मजल्यावर, यूपीएस वेगवेगळे, लाइनचे रस्तेही वेगळे.

आता धंद्याचं बोलू. काम संपलं की लगेच बिल देऊ नका. ग्राहकाला समोर उभं करा, एक केबल उपटा, मग एक स्विच बंद करा. बिलिंग चालू राहिलं? किती सेकंद अडकलं? ते कागदावर लिहा आणि ग्राहकाची सही घ्या. हीच चाचणी दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी करायची, असं देखभालीच्या करारातच लिहून टाका. तुम्हाला वर्षाचं ठरलेलं उत्पन्न, ग्राहकाला शांत झोप.

स्विच काय, कोणीही विकेल. पूल पडल्याचं वेळेत सांगणारी व्यवस्था तुम्ही विका.