घरी फिल्म धुताय? आधी हातांचा विचार करा

कृष्णधवल फिल्मचा रोल घरी धुणे फारसे अवघड नाही. प्रकाशबंद टाकी, थर्मामीटर, मोजपात्र आणि दोन-तीन रसायने एवढे पुरते. ठाणे किंवा डोंबिवलीच्या छोट्या फ्लॅटमध्ये हे काम बहुधा बाथरूममध्येच उरकले जाते. डेव्हलपर कोणता घ्यावा, याची हौशी मंडळींत चर्चा होते ती छायाचित्रातला दाणा आणि सावल्यांतला तपशील यांवर. त्वचा, मे महिन्यातले नळाचे पाणी आणि घरातली लहान मुले यांचा विचार मागे राहतो. खरे तर निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

घरी फिल्म धुण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) साठी दादासाहेब फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी रसायने मिसळण्यापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली होती. पुढे रुग्णालयांच्या डार्करूममध्ये एक्स-रे फिल्म धुतल्या जात, त्याही याच जातीच्या रसायनांत. तिथल्या कर्मचाऱ्यांना होणारा हाताचा इसब त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा होता.

फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. ज्यांवर प्रकाश पडला, त्या स्फटिकांना डेव्हलपर इलेक्ट्रॉन देतो आणि त्यांची काळी धातुरूप चांदी होते. उरलेले क्षार नंतर हायपो विरघळवते.

सर्वांत परिचित डेव्हलपर म्हणजे कोडॅकचा डी-७६. १९२०च्या दशकातले त्याचे सूत्र साधे आहे: एक लिटरमध्ये २ ग्रॅम मेटॉल, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि २ ग्रॅम बोरॅक्स. इल्फर्डचा आयडी-११ जवळजवळ तसाच. परिणाम उत्तम, पण त्रास होतो तो मेटॉलचा. काहींच्या शरीराला त्याची अ‍ॅलर्जी जडते. बोटांना खाज, बारीक फोड, मग भेगा. पुरळ एक-दोन दिवसांनी उठत असल्याने दोष साबणावर जातो. एकदा अ‍ॅलर्जी जडली की पुढे थोडासा स्पर्शही पुरतो. केसांच्या काळ्या डायमधले पीपीडी मेटॉलच्याच रासायनिक कुळातले; डाय लावून ज्यांच्या डोक्याला किंवा कपाळाला पुरळ आले असेल, त्यांनी मेटॉल टाळलेलेच बरे. जुन्या रोडिनलमधले पॅरा-अमिनोफेनॉलही याच कुळातले आहे.

पर्याय आहेत. फेनिडोन हे रसायन मेटॉलचेच काम करते, पण त्वचेला त्याचा त्रास क्वचित होतो. इल्फर्डच्या मायक्रोफेनमध्ये ते हायड्रोक्विनोनबरोबर असते. कोडॅकच्या एक्सटॉलमध्ये (१९९६) मेटॉल आणि हायड्रोक्विनोन दोन्ही नाहीत. त्याऐवजी क जीवनसत्त्वाच्या जातीचे संयुग आणि फेनिडोनचा एक भाऊबंद आहे. त्याची एक खोड लक्षात ठेवावी. डी-७६ खराब होताना तपकिरी पडून इशारा देतो, एक्सटॉल मात्र रंग न बदलताच निकामी होऊ शकतो. म्हणून रोल धुण्याआधी फिल्मचा एक तुकडा उजेडातच त्यात बुडवावा. काही मिनिटांत तो काळाकुट्ट झाला नाही, तर ते द्रावण टाकून द्यावे.

बहुतेक तक्त्यांतील वेळा २० अंश सेल्सिअसच्या असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी ३० अंशांच्याही वर जाते. पाणी गरम तितका वेळ कमी, आणि पाच मिनिटांहून कमी वेळात फिल्म डागाळण्याची भीती असते. अशा वेळी एकास एक पाणी मिसळलेले द्रावण सोयीचे. इल्फर्ड एचपी-५ प्लसला मूळ आयडी-११ मध्ये २० अंशांवर साडेसात मिनिटे लागतात, अर्ध्या पाण्यात १३. शिवाय बादलीत बर्फ घालून त्यात बाटली ठेवता येते.

गार करण्यासाठी डेव्हलपर घरच्या फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. हवा काढण्यासाठी दाबता येतात म्हणून अनेक जण ते शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीत भरतात. उन्हातून आलेले मूल अशी बाटली सरळ तोंडाला लावेल. हायड्रोक्विनोन काही ग्रॅम पोटात गेले तरी जिवावर बेतू शकते. तसे घडलेच, तर उलटी करवू नये. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

दमा असलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. आम्लयुक्त फिक्सरमधून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि त्याने दम लागू शकतो. खिडकी उघडी, पंखा चालू हवा. पावडर कालवताना मास्क, सदैव नायट्राइलचे हातमोजे आणि नंतर साबणाने हात धुणे हे सर्वांसाठीच. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते आणि ती जलचरांना घातक ठरते. खाडीकाठच्या शहरांत ते मोरीत ओतण्याऐवजी साठवून चांदी काढणाऱ्याकडे द्यावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने फेनिडोनचा किंवा क जीवनसत्त्वाच्या जातीचा डेव्हलपर घ्यावा. डी-७६ वर हात बसलेला असेल आणि कधीच त्रास झाला नसेल, तर हातमोजे घालून तोच चालू ठेवायला हरकत नाही. पण रोल धुतल्यावर बोटे वारंवार खाजत असतील, तर मलम बदलत न बसता त्वचारोगतज्ज्ञाला बाटलीवरची नावे दाखवावीत आणि पॅच टेस्टबद्दल विचारावे.