काटी काटी: मेल्यानंतर माणूस नेमका कुठे अडकतो?

मागच्या आठवड्यातला एपिसोड ऐकायचा राहिला असेल, तर हे त्याचं वाचायचं रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘अं... अं...’ तेवढे काढलेत.

आजचा सिनेमा केनियाचा आहे. नाव ‘काटी काटी’, साल २०१६, लांबी फक्त ७५ मिनिटं. म्हणजे पुणे-लोणावळा लोकलमध्ये संपेल एवढा. दिग्दर्शक म्बिथी मास्या. हा मूळचा ‘जस्ट अ बँड’ या नैरोबीच्या बँडमधला. या बँडच्या एका गाण्याच्या व्हिडिओतला ‘माकमेंडे’ नावाचा हिरो २०१० मध्ये केनियाच्या इंटरनेटवर तुफान व्हायरल झाला होता. तर असा माणूस पहिला मोठा सिनेमा करतो, आणि विषय घेतो मरणानंतरचा.

सुरुवात अशी. कलेचे नावाची मुलगी माळरानावर जागी होते. अंगात हॉस्पिटलचा गाऊन, आणि आठवत काहीच नाही. समोर एक लॉज दिसतं, नाव काटी काटी. तिथे थोमा नावाचा तरुण आणि त्याची गँग भेटते. ते तिला सांगतात, तू मेली आहेस. आम्हीपण.

आता आपल्याला वाटतं की पुढे न्यायनिवाडा होणार. चित्रगुप्त वही काढणार, स्वर्ग की नरक ते ठरणार. तसं काहीच होत नाही. इथे देव नाही, यम नाही. खोल्या आहेत, पार्ट्या आहेत. काही हवं असेल तर कागदावर लिहायचं, मिळतं. फक्त तिथून सुटता येत नाही. स्वाहिलीत ‘काटी काटी’ म्हणजे मधोमध. आपण कसं ‘मध्ये-मध्ये’ म्हणतो, तसाच डबल शब्द. ना इकडे, ना तिकडे.

मग सुटका कशाने? सिनेमाचं उत्तर असं: जिवंत असताना तू जे केलंस, ते स्वतः आठव आणि कबूल कर. तुला कोणी शिक्षा देणार नाही, पण तुझ्या वतीने कोणी माफीही मागणार नाही.

इथे थोडा इतिहास लागतो, नाहीतर अर्धा सिनेमा डोक्यावरून जातो. डिसेंबर २००७ मध्ये केनियात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. निकालावरून वाद पेटला आणि शेजारी शेजाऱ्यावर उठला. ११०० हून जास्त माणसं मेली, लाखो लोकांना घरदार सोडावं लागलं. १ जानेवारी २००८ ला एल्डोरेटजवळच्या कियांबा गावात लोक जीव वाचवायला चर्चमध्ये लपले होते. ते चर्चच पेटवून दिलं गेलं. सिनेमात किंग नावाचा एक पाद्री आहे, आणि त्याचं ओझं अशाच एका जळालेल्या चर्चचं आहे. केनियातल्या प्रेक्षकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढे काय झालं? उहुरू केन्याटा आणि विल्यम रुटो हे २००७ मध्ये एकमेकांच्या विरुद्ध गटात होते. या हिंसाचारावरून दोघांवरही आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयात आरोप ठेवले गेले. तेच दोघं २०१३ मध्ये एकत्र लढले आणि जिंकले. त्यानंतर एक वाक्य देशभर ऐकू यायला लागलं: स्वीकारा आणि पुढे चला. दोघांवरचे खटले नंतर गुंडाळले गेले. शेवटचा २०१६ च्या एप्रिलमध्ये. आणि त्याच वर्षी हा सिनेमा आला. माझ्या मते मास्या एवढंच म्हणतोय की बाबांनो, असं पुढे जाता येत नाही. माणूस मधोमध अडकतो, आणि देशही.

टोरांटो फेस्टिव्हलमध्ये याला समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला. केनियाने नंतर तो ऑस्करलाही पाठवला. थोमाचं गुपित काय, ते मी सांगणार नाही. शिव्या पडतील.

आता माझं सांगतो. आमच्या अण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. सगळे पिंडासमोर हात जोडून म्हणत होते, “नानांकडे बघू आम्ही, काळजी करू नका.” नाना म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. दोघांत वीस वर्षं बोलणं नव्हतं. शेवटी कावळा आला, सगळे जेवायला बसले, विषय संपला. नानांकडे कोणी गेलं नाही.

सिनेमा बघून झाल्यावर रात्री मी बाबांना फोन लावला. विचारलं, “बाबा, नानाआजोबांचं आणि अण्णांचं नक्की काय झालं होतं?” बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “अण्णांनी त्यांची सही फसवून घेतली होती. विहिरीकडच्या जमिनीसाठी.”

आपण मेलेल्या माणसाची इच्छा विचारतो. त्याने काय केलं, ते नाही विचारत. मला वाटतं, अण्णांच्या ऐवजी ते आपणच कबूल करायला हवं, निदान नाना आहेत तोवर. पुढच्या रविवारी मी आणि बाबा त्यांच्याकडे चाललोय. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हा सिनेमा शक्यतो हेडफोन लावून, एकट्याने बघा.