उघडताना मुक्या, मिटताना बोलक्या

छातीवर स्टेथोस्कोप टेकवला की ऐकू येणारी ‘लब-डब’ स्नायूंच्या आकुंचनाची असावी, असं पुष्कळांना वाटतं. स्टेथोस्कोप घडवणाऱ्या रने लाएनेकचीही जवळपास तशीच समजूत होती. 1816 साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात त्याने कागदाची सुरळी एका तरुणीच्या छातीला लावली आणि हृदय पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकलं. पण दुसरा ठोका वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, असं तो शेवटपर्यंत मानत राहिला. ठोक्यांचा उगम झडपा मिटण्यात आहे, हे त्याच्यानंतर स्पष्ट झालं. निरोगी झडप उघडते तेव्हा मात्र काहीही ऐकू येत नाही.

प्रौढ माणसाचं हृदय साधारण 250 ते 350 ग्रॅम वजनाचं. उरोस्थीमागे, दोन फुप्फुसांच्या मधोमध ते तिरपं बसलेलं असतं आणि त्याचा दोन-तृतीयांश भाग डावीकडे झुकलेला असतो. वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. उजव्या जवनिकेला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोचवायचं असतं, डावीला साऱ्या शरीरभर. म्हणून डावीची भिंत उजवीच्या जवळपास तिप्पट जाड.

कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्ये उजवीकडे ट्रायकस्पिड आणि डावीकडे मायट्रल झडप. त्यांच्या पाळ्यांच्या कडांना चिवट तंतू असतात आणि ते जवनिकेतल्या छोट्या स्नायूंना बांधलेले असतात. जवनिका जोराने आकसली तरी पाळ्या कर्णिकेत उलटत नाहीत, त्या या तंतूंमुळे. बाहेर जाणाऱ्या वाटांवरच्या एऑर्टिक आणि पल्मनरी झडपांना असे तंतू नाहीत. त्यांचे तीन-तीन अर्धचंद्राकृती खिसे मागे वळणाऱ्या रक्तानेच भरतात आणि मिटतात.

पहिल्या जोडीच्या मिटण्याचा ‘लब’, दुसरीच्या मिटण्याचा ‘डब’. पाळीवर पाळी आपटून हा आवाज होत नाही. वाऱ्याने एकदम ताणलेल्या शिडासारखी झडप ताठ होते, धावतं रक्त अडतं आणि सगळा भाग थरथरतो. ‘डब’ नीट ऐकला तर त्यातही दोन आवाज आहेत. श्वास आत घेतला की उजव्या बाजूला रक्त जास्त येतं, पल्मनरी झडप किंचित उशिरा मिटते आणि दोन्ही आवाज सुटे होतात. श्वास सोडला की पुन्हा एक. दोन कर्णिकांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर हे अंतर श्वासाबरोबर बदलतच नाही. निव्वळ कानांनी एवढं कळतं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

चारही झडपा उरोस्थीमागे अगदी दाटीने आहेत, म्हणून डॉक्टर त्या ऐकतात वेगवेगळ्या जागी. आवाज रक्ताच्या ओघाबरोबर जातो. एऑर्टिक उजवीकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मध्ये ऐकायची, मायट्रल हृदयाच्या टोकाशी, डाव्या छातीखाली.

आणि उघडणारी झडप बोलू लागली, तर? आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे रुमॅटिक ताप. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा धरतो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो. सांधे बरे होतात, मायट्रल झडप मात्र वर्षानुवर्षं जाड होत, कडांना चिकटत जाते. 4 ते 6 चौरस सेंटिमीटरचं तोंड दीडच्याही खाली येतं. मग ‘डब’नंतर लगेच उघडण्याचा एक टकटकीत आवाज येतो आणि त्यामागून खोल गडगड. ‘डब’ आणि हा आवाज यांतलं अंतर जितकं कमी, तितकी झडप सहसा अधिक आवळलेली. ही गडगड इतकी मंद असते, की रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोस्कोपची घंटेकडची बाजू हलकेच टेकवून ती शोधावी लागते. नेमकं निदान इकोच, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच करते, पण इको कुणाचा करायचा हे बऱ्याचदा या कानांनीच ठरतं.

कितीतरी बायकांचा हा आजार पहिल्या गरोदरपणात उघडकीस येतो. त्या काळात शरीरातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढतं, अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही आणि धाप लागते. ‘दिवस गेलेत, दम लागायचाच’ म्हणून घरात ती अंगावर काढली जाते, तेव्हा फार वाईट वाटतं. कारण बाळपणीच्या त्या घशावर पहिल्या नऊ दिवसांत पेनिसिलिन मिळालं असतं, तर रुमॅटिक ताप बहुधा टळला असता. ताप एकदा येऊन गेलेल्या मुलाला दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. सांध्यांची सूज उतरली म्हणून ते थांबवायचं नसतं.