सुट्टी कोणाची, मैदान कोणाचे?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे राज्यातील शाळांना कुलूप लागले. मधल्या काळात काही इयत्ता उघडल्या, पुन्हा बंद झाल्या. मुंबईतल्या पहिलीच्या पोराला वर्गाचे तोंड बघायला डिसेंबर २०२१ उजाडावा लागला आणि पुढच्याच महिन्यात वर्ग परत बंद झाले. त्या दिवसांत एक उपदेश सगळीकडून ऐकू येत होता. मुलांना मोकळे सोडा, चिखलात खेळू द्या, झाडे-पाखरे बघू द्या, निसर्ग हीच खरी शाळा! उपदेश गोड होता. तो करणाऱ्याच्या घराला गच्ची होती, सोसायटीला बाग होती, आणि निसर्गाचा कंटाळा आला तर पोरासाठी ऑनलाईन वर्ग होताच.

आमची मुले तेव्हा कुठे होती? ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या गरीब वस्त्यांत सुमारे चौदाशे घरी जाऊन पाहणी केली. गावांतील फक्त ८ टक्के मुले नियमित ऑनलाईन शिकत होती, ३७ टक्के अजिबात शिकत नव्हती. त्यातही ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत नियमित ऑनलाईन शिकणारी ४ टक्के आणि इतर समाजांतील १५ टक्के. हे आकडे समोर असताना 'निसर्ग हीच खरी शाळा' असे आमच्या मुलांना कोणी सांगणार असेल, तर त्याने आधी स्वतःच्या मुलाचे नाव शाळेतून काढावे. ज्या समाजाला शाळेच्या दारात उभे राहायला पिढ्या खर्ची घालाव्या लागल्या, त्याला शाळेचे मोल शिकवू नये.

एवढे सांगून झाल्यावर आम्हाला आमच्याच बांधवांशी बोलायचे आहे. कारण या विषयात आपलीही एक बाजू लंगडी आहे. शिक्षणाची आपली भूक मोठी, म्हणून खेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, असे आपण धरून चाललो आहोत. पोरगा संध्याकाळी उंडारताना दिसला की बाप ओरडतो, "खेळून साहेब होणार आहेस काय?" त्या बापाचा राग आम्हाला कळतो. पण राग कळला म्हणून तो बरोबर ठरत नाही.

पोरे आपली आपण खेळतात तेव्हा काय चालते, ते जरा उभे राहून बघा. तिथे शिक्षक नाही, शिट्टी नाही, बक्षीस नाही. आधी सुटायचे, मग राज्य कोणावर ते ठरायचे. मराठी मुलांच्या खेळात 'राज्य येणे' म्हणजे अधिकार मिळणे नव्हे. ज्याच्यावर राज्य येते त्याला धावावे लागते, बाकीच्यांना शोधावे लागते, आणि ते कधी ना कधी प्रत्येकावर येते. राज्य न देता पळून जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खेळात घेत नाहीत. आमच्या पुढाऱ्यांनी अधूनमधून डबा ऐसपैस खेळायला हरकत नाही! आणि तो 'कच्चा लिंबू' बघा. चार वर्षांचे शेंबडे पोर मोठ्यांत येते, त्याला पळता येत नाही. पोरे त्याला हाकलून देत नाहीत. तो बाद होणार नाही, पण खेळात राहील, असा नियम कोणी न सांगता ती पाळतात. लगोरीची एखादी ठिकरी फुटली तर दुसरी शोधतात, विटी गटारात गेली तर कोणी आणायची यावर पंधरा मिनिटे वाद घालतात आणि निवाडाही आपणच करतात. कायदा करणे, तो पाळणे, मोडणाऱ्याला जाब विचारणे, हे सगळे त्या धुळीत चाललेले असते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले उतारे पाठ करून हे अंगात येत नाही.

निसर्गाचेही तसेच. करवंदाची जाळी कुठे आहे, मोहाची फुले पहाटे कशी गळतात, कोणती फांदी भार घेईल आणि कोणती मोडेल, हे ज्ञान आहे. त्याला मार्क मिळत नाहीत म्हणून ते कमी दर्जाचे होत नाही. डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखले होते. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबादच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरे राखायला जात, शाळेत येऊ शकत नसत, तेव्हा शाळाच कुरणात नेली गेली. तिला नाव पडले कुरणशाळा. गुरे राखायला पोर लागते म्हणून गरीब शेतकऱ्याला ते शाळेत पाठवता येत नाही, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे मांडले होते. कोसबादला त्यावर एक उत्तर निघाले. मात्र नीट बघा, तिथे रान आहे म्हणून शिक्षक नको, असे कोणी म्हटले नाही. शिक्षक रानात गेला.

आता मोकळ्या वेळेबद्दल. शाळा बंद झाली की श्रीमंताच्या पोराचा वेळ मोकळा होतो. गरिबाच्या पोराच्या वेळेवर लगेच दुसऱ्याचा हक्क लागतो, आणि याला कायद्याचीच संमती आहे. २०१६ साली बालमजुरी कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाने धोकादायक नसलेल्या घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मदत केली तर चालेल, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे ज्या वेळी मुलाने खेळायचे, नेमकी तीच वेळ कामाला काढून दिली! पिढीजात धंदा कोणाच्या वाट्याला कोणता आला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. वर्ग महिनोन्‌महिने बंद राहिले, तेव्हा या सवलतीला काठ उरला नाही. बीडकडची पोरे आईबापाच्या मागे उसाच्या फडात गेली, वाढे बांधू लागली. दहा वर्षांची पोरगी कोपीवर धाकट्याला सांभाळत बसली. चारी बाजूंना हिरवेगार रान होते. त्याला निसर्गाचा सहवास म्हणायचे काय?

सुट्टीसुद्धा सर्वांना सारखी नसते, हे आम्हाला बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत ते भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले. नवे कपडे, आगगाडीचा प्रवास, पोरांचा आनंद मावत नव्हता. मसूर स्टेशनवर जात कळली आणि बैलगाडीवाला मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. शिदोरी जवळ असून पाण्यावाचून त्यांनी रात्र काढली. सुट्टीला निघालेल्या पोरांना त्या रस्त्यावर जातीने गाठले.

त्या रस्त्याचा हिशेब आपल्या माणसांनी कायद्याने मागितला आहे. १९२३ चा बोले ठराव, १९२७ चे चवदार तळे, आणि मग संविधानाचे कलम १५(२). विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते, सार्वजनिक जागा यांवर जातीच्या कारणाने कोणाला अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते. पाणी पिण्यासाठी जसे आहे तसे पोरांनी डुंबण्यासाठीही आहे. गावातल्या विहिरीवर पोहायला ज्या पोरांना घेतले नाही, त्या वस्तीतली किती माणसे आज पोहू शकतात, विचारून बघा. शाळेला मैदान हवे असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो. मुलाच्या खेळण्या-विसाव्याचा हक्क मानणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ साली स्वीकारला. तरीही शहरात मैदानाच्या आरक्षणावर कोणाचा डोळा असतो आणि झोपडपट्टीतली पोरे रस्त्यावर गाड्या चुकवत का खेळतात, याबद्दल आपले मोर्चे गप्प असतात. नोकरीच्या आरक्षणासाठी आपण रस्त्यावर उतरतो. विकास आराखड्यातले मैदानाचे आरक्षण उठले तर कळतसुद्धा नाही.

मैदान मागायचेच, पण जे आपल्या हातात आहे तिथे आपण काय करतो? शाळा सुटल्या की शिबिरे. सकाळी वंदना, मग व्याख्यान, दुपारी वक्तृत्व, संध्याकाळी पाच मिनिटांचे पाठ केलेले भाषण, वर शाल आणि फोटो. शिबिरे व्हावीत, त्यांतून कार्यकर्ते घडले आहेत. पण मुलाचा सगळा मे महिना मोठ्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत बसवू नये. दोन तास असे ठेवा की ज्यांत कोणी त्याला काही शिकवणार नाही.

अनेक वस्त्यांत विहारापुढे फरसबंद आवार असते, भोवती कुंपण, फाटकाला कुलूप, आणि चावी समितीच्या एखाद्या ज्येष्ठाकडे. फरशी खराब होते, गोंगाट होतो, ही कारणे आम्ही ऐकली आहेत. त्या आवारात पिंपळ असला तर त्याच्या सावलीत सागरगोटे खेळणाऱ्या पोरींमुळे कोणाची शांतता भंगते? शिवाय या पोरींना खेळायला बोलावण्याआधी एक गोष्ट घरी ठरवावी लागेल. लंगडीचा डाव रंगात येतो तेव्हा नळाला पाणी येते आणि हाक पोरीलाच जाते. हंडा तिचा, धाकटा भाऊ तिच्याच कडेवर. थोरला भाऊ त्याच वेळी बॅट घेऊन उभा असतो. ती हाक त्याला मारा. उन्हाळ्याच्या सुट्टीत समितीची जी पहिली बैठक होईल, तिच्यात फाटकाच्या चावीचा विषय घ्या आणि पाण्याच्या पाळीचाही घ्या. दोन्ही विषयांना वर्गणी लागत नाही.